पोटखराब

तलाठ्याच्या कागदावर आमच्या तलावाचा काठ
एका शब्दात संपतो: पोटखराब.
शून्य हेक्टर ब्याण्णव आर, आकार निरंक.
म्हणजे इथं धान होत नाही, लाखोरी होत नाही,
आणि सरकारचं इथं काही घेणं नाही.

सायत्रा मारबते हसली होती ऐकून.
ढिवराची बाई, तिला पाण्याचा कागद कशाला.
म्हणाली, "याच्याच पोटात तं सारं हाय बाप्पा.
पाणी चढलं का मुरी न् डाडक इथंच येतेत अंडी सोडाले,
देवधान इथंच, पोवन इथंच,
अन् तो जोडा..."
जोड्याचं नाव तिनं घेतलं नाही.
घरटं धरलेल्या सारसाचं नाव
ती मोठ्यानं घेत नाही.

मग एका माघात पिवळे खांब आले
काठाकाठानं, चुन्याची रेघ ओढत.
रिसॉर्ट, म्हणाला मोटारीतला माणूस,
पाण्याकडे पाठ करून उभा राहून.

न्यास काढायचा तर नावं लागतात.
सहा मिळाली. सातवं हवं होतं भिवराज कटऱ्याचं,
कारण जमीन त्याची.
आणि त्याला पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती,
आणि मोटारीतला माणूस तिप्पट देत होता.
हे मी लपवत नाही.
तीन रात्री तो पारीवर बसून राहिला, विडी न पेटवता.
चौथ्या दिवशी म्हणाला, हप्त्यानं द्या,
तिप्पट नको, पण मला दानशूरही करू नका.
घासाघीस झाली. शेवटी आठशे रुपयांवर गाडी अडली,
ते आठशे शिंगाड्याच्या पैशातून निघाले.

मी खजिनदार. म्हणजे बिस्किटाचा डबा माझ्या घरी.
डब्यात पावत्या:
बेशरम उपटण्याची मजुरी, चार बाया, दोन दिवस.
गोंदियाच्या कचेरीत खेपा अकरा,
एका खेपेला साहेब नाही,
एका खेपेला साहेब आहे, शिक्का नाही.
कोपरापर्यंत चिखलात हात घालून
सायत्रानं देवधान पुन्हा रुजवलं,
त्याची पावती नाही.

काय केलं म्हणाल तर फारसं काही नाही.
खांब उपटले. चुना पावसानं नेला.
खांबांची पुढं वांग्याच्या वाफ्याला कुडाण झाली.
जाळं कुठं टाकायचं नाही, ते ठरवलं.
ठरवणाऱ्यांपैकी एकानंच ते टाकलं, अंधार पडल्यावर.
दंड दोनशे एक रुपये.
पावती माझ्याच नावाची आहे,
माझ्याच अक्षरात.

सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घ्या म्हटलं:
आषाढ ते कार्तिक, एक जोडा, असल्यास पिलू.
तलाठी बाई नवीन होती, वयानं लहान.
हसली नाही. पेन उचललं,
रकान्यावर धरलं थोडा वेळ,
आणि ठेवलं.
म्हणाली, काका, याला माणसाचं नाव लागतं.
आम्ही सातही जण तेव्हा खिडकीत उभे होतो,
आपापलं नाव घेऊन.

तर आता काठ न्यासाचा आहे
आणि कागदावर अजून पोटखराबच.
असू दे. चांगली जमीन म्हटली की
तिच्याकडे लोकांची नजर जाते.

यंदा भादव्यात गवताच्या ढिगावर दोन अंडी होती.
एक पाण्यानं नेलं.
दुसऱ्याचं काय झालं
ते बघायला कुणी जवळ गेलं नाही,
ठराव क्रमांक चार तोच आहे.
फक्त भिवराज पहाटे पारीवर जातो,
जमीन विकलेल्या माणसासारखा नाही,
ठेवायला दिलेल्या माणसासारखा,
आणि धुक्यात कान देऊन उभा राहतो.

काल परतताना माझ्या दाराशी थांबला.
म्हणाला, दोन आवाज नाहीत.
मग?
अडीच आहेत.

मी डब्यातली वही काढली,
तारीख टाकली,
आणि जमेच्या बाजूला लिहिलं: अडीच.